पडद्यामागचं काम सोलापुरातून कसं शोधावं: एका प्रश्नाला सविस्तर उत्तर

तुझा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून आधी गोषवारा देते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तू अशोक चौकाजवळ राहतेस. बी.कॉम. झालंय, टॅली येतं. एका फोटो स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ एडिट करतेस. वडील युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहेत, घरात तेलुगू बोलतात. सिनेमात किंवा मालिकेत काम करायचंय, पण कॅमेऱ्यासमोर यायचं नाही. पुण्यातली एक खासगी संस्था वर्षभराच्या कोर्सचे काही लाख मागतेय आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणतेय. लाइनमध्ये ओळख कुणाचीच नाही. तर कोर्स करावा, हप्त्यावर कॅमेरा घेऊन सोलापुरातच बसावं, की सरळ मुंबईची गाडी धरावी?

मी मूळची सोलापूरचीच. मराठी मालिकांमध्ये कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ, सांभाळत सुरुवात केली, पुढे प्रॉडक्शनकडे वळले. आता युनिटमध्ये कुणाला घ्यायचं आणि कुणाला पुढच्या शेड्यूलला बोलवायचं नाही, हे ठरवणाऱ्यांत मी असते. तेव्हा हे उत्तर काम देणाऱ्याच्या खुर्चीतून आहे असं समज.

तू सिनेमाच्या वेडाबद्दल दोन परिच्छेद लिहिलेस आणि बी.कॉम., टॅली, वडिलांचं कटिंग, घरातली तेलुगू हे सगळं एका ओळीत उरकलंस. मला कामाची ती एक ओळ आहे. वेड सगळ्यांनाच असतं. स्पॉट दादालाही असतं, जनरेटरवाल्यालाही असतं. त्यावर कुणी कुणाला कामावर घेत नाही.

बाहेरून बघताना 'फिल्म लाइन' हे एकच मोठं घर वाटतं आणि त्याचा दरवाजा कुठे आहे हे सगळे शोधत बसतात. आत आलं की कळतं, इथे पंधरा-वीस वेगवेगळे धंदे एका छताखाली चालतात. कॅमेरा, लाइट, साउंड, आर्ट, कॉस्च्युम, मेकअप-हेअर, डिरेक्शन, प्रॉडक्शन, अकाउंट्स, एडिट, डबिंग, ग्राफिक्स. प्रत्येक डिपार्टमेंटचा उस्ताद वेगळा, असिस्टंट वेगळे, फोनची यादी वेगळी. लाइटमध्ये माणूस कमी पडला तर गॅफर, म्हणजे लाइटचा प्रमुख, आपल्या यादीतल्याला फोन लावतो, मला विचारतही नाही. त्यामुळे 'ताई, काहीही चालेल' असं म्हणणाऱ्याचं मी काही करू शकत नाही. काहीही करणारा माणूस कुठल्याच यादीत बसत नाही. आधी डिपार्टमेंट ठरव. तुझ्याकडे चारांपैकी एक निवडायची सोय आहे, ही चैन फार कमी जणांना असते.

एडिटिंगपासून सुरुवात करू. तू लिहिलंस, 'मी फक्त लग्नाचं करते.' तो 'फक्त' काढून टाक. तीन कॅमेरे, एक पंचवीस फ्रेमवर, दुसरा तीसवर, ड्रोनवाल्याने साठवर चालवलेलं. आवाज कुठे कॅमेऱ्याच्या माइकचा, कुठे मंडपातल्या स्पीकरचा. अक्षता पडायच्या नेमक्या क्षणी मेन कॅमेऱ्यासमोर नवरीचा मामा उभा. आणि हे सगळं सावरून चार दिवसांत हायलाइट द्यायची. कोर्स करून थेट येणाऱ्या मुलांच्या हाताखालून इतकं वाईट फुटेज गेलेलं नसतं. त्यांनी संस्थेच्या लायब्ररीतलं स्वच्छ फुटेज कापलेलं असतं.

पण असिस्टंट एडिटर बहुतेक वेळ कापत नाही, तो लावून ठेवतो. हा फरक कळला की निम्मं काम झालं. संध्याकाळी सेटवरून कॅमेऱ्याची मेमरी कार्ड येतात. त्यांच्या दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर दोन कॉपी करायच्या, मूळ फाइल आणि कॉपी शेवटच्या बाइटपर्यंत जुळते का हे सॉफ्टवेअरने तपासायचं, मग सेटवर मेसेज टाकायचा, आणि तो मेसेज पोचल्याशिवाय तिकडे कार्ड फॉरमॅट करायचं नाही. मग एपिसोड, सीन, शॉट, टेक असे फोल्डर. साउंड वेगळा रेकॉर्ड झालेला असतो. क्लॅपच्या फ्रेमवर चित्र आणि आवाज सिंक करायचा. प्रॉक्सी, म्हणजे एडिटसाठी मूळ फुटेजच्या हलक्या फाइल, बनवायच्या. कंटिन्युइटी शीटवर दिग्दर्शकाने ज्या टेकला 'ओके' म्हटलंय त्यावर खूण करायची. एडिटर खुर्चीत बसला आणि म्हणाला, 'सीन बावीसचा सासूचा क्लोज', की तो त्याच्या समोर असला पाहिजे. अर्ध्या तासाच्या स्लॉटचा भाग जाहिराती वगळून साधारण बावीस मिनिटांचा, आणि असा भाग रोज लागतो. तिथे फाइल शोधायला दहा मिनिटं घेणाऱ्याला दुसऱ्या दिवशी फोन येत नाही. त्याला कुणी ओरडतही नाही, फक्त फोन येत नाही.

हे तू सोलापुरात, तुझ्याच स्टुडिओत, येत्या लग्नाला करू शकतेस. मालक हसेल, हसू दे. सिनेमाच्या शिस्तीने फोल्डर लाव, दोन कॉपी कर, एका कागदावर नोंद ठेव. लग्नाच्या धंद्यात बरेच जण एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरवर काम करतात. तू त्यावर असशील तर प्रीमियर आणि ॲव्हिड या दोन्हींशी हात बसव. दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती शिकायला पुरेशी आहे. आणि दाखवायला शोरील, म्हणजे कामाच्या नमुन्याचा व्हिडिओ, बनवताना स्लो मोशनमधला वरातीचा घोडा ठेवू नकोस. असिस्टंट शोधणाऱ्याला तुझ्या प्रोजेक्टची टाइमलाइन आणि फोल्डरचा स्क्रीनशॉट जास्त काही सांगतो.

आता जे तुला रटाळ वाटेल त्याकडे येते. मला विचारशील तर तुझा सगळ्यात जवळचा रस्ता तोच आहे: प्रॉडक्शन अकाउंट्स.

सकाळी प्रॉडक्शन मॅनेजरच्या हातात पेटी कॅश, म्हणजे किरकोळ खर्चाची रोकड, जाते. दिवसभरात त्यातून टेम्पोचं भाडं सुटतं, जनरेटरचं डिझेल सुटतं, ज्युनिअर आर्टिस्टचे पैसे, कुणाकुणाचा कन्व्हेयन्स, आर्टवाल्याने ऐन वेळी भांडीवाल्याकडून आणलेली पितळी समई, पाण्याचे जार. रात्री पॅकअपनंतर तेवढ्याच रकमेची व्हाउचरं परत यायला हवीत आणि ती येत नाहीत. निम्म्यांवर सही नसते. काहींवर तारीख नसते. समई कुठल्या सीनसाठी आणली ते लिहिलेलं नसतं, आणि आणणारा तोवर घरी गेलेला असतो. कुठल्या बिलावर जीएसटी आहे, कुणाचा टीडीएस कापायचा, कुठला खर्च आर्टच्या नावावर आणि कुठला प्रॉडक्शनच्या, ठरलेल्या बजेटच्या आपण आज किती पुढे गेलो, हे सगळं रोजच्या रोज एका कागदावर निर्मात्यासमोर जावं लागतं. डिरेक्शनमध्ये यायला तयार असलेल्यांचे मेसेज माझ्याकडे ढिगाने पडून आहेत. टॅली येणारा आणि रात्री साडेअकराला थकलेल्या आर्ट असिस्टंटकडून न भांडता व्हाउचर लिहून घेणारा माणूस शोधताना मात्र दर वेळी घाम फुटतो.

हे काम करणाऱ्याला सेटवरचं प्रत्येक डिपार्टमेंट कळतं, कारण प्रत्येकाचा खर्च त्याच्या हाताखालून जातो. पुढे प्रॉडक्शन कंट्रोलर, लाइन प्रोड्यूसर हीच वाट आहे. सोलापुरातल्या एखाद्या सीएच्या ऑफिसात वर्षभर आर्टिकलशिप नसली तरी नुसतं असिस्टंट म्हणून बसलीस, जीएसटी आणि टीडीएसची कामं हाताने केलीस, तर तो कुठल्याही फिल्म कोर्सपेक्षा जास्त उपयोगी कोर्स आहे. आणि तिथे फी भरायची नाही, उलट थोडे पैसे मिळतात.

वडिलांचं काम तू ओझरतं लिहिलंस, पण कॉस्च्युम डिपार्टमेंटसाठी ती मोठी शिदोरी आहे. लोकांना वाटतं कॉस्च्युम म्हणजे हिरोइनची साडी निवडणं. निवडतो तो डिझायनर. त्याच्या खाली असिस्टंट आणि सेटवर ड्रेस दादा, यांचं खरं काम वेगळंच असतं. समज, सीन चौदामध्ये सून ओटीवरून आत येते आणि सीन पंधरामध्ये ती माजघरात पोचते. कथेत मध्ये दोन सेकंद आहेत. शूटिंगमध्ये ओटी वाईजवळच्या वाड्यातली आणि माजघर गोरेगावच्या स्टुडिओतल्या फ्लोअरवरचं, मध्ये आठवडा गेलेला. आठवड्यानंतर तिचा पदर खोचलेला होता की सुटा, मंगळसूत्र पदराच्या वर होतं की आत, हिरव्या बांगड्या किती आणि पाटली त्यांच्या पुढे की मागे, ब्लाउजची बाही घामाने ओलसर होती का, हे सगळं तंतोतंत जुळावं लागतं. फोटो काढून ठेवतात, हो. पण फोटोत पाठ दिसत नाही, आणि नेमका पाठीवरूनच शॉट लागतो. म्हणून चार्ट ठेवतात: सीन नंबर, कथेतला दिवस, पात्र, कपड्यांचा जोड, दागिने, आणि शेरा.

दुसरी गोष्ट डुप्लिकेटची. पावसाचा, मारामारीचा, चिखलाचा सीन असला की एकाच शर्टाचे तीन-चार जोड लागतात. रिटेक झाला की कोरडा जोड तयार हवा. ते जोड एकाच ताग्यातले नसतील तर शेड हलतो आणि कॅमेरा तो बरोबर पकडतो. 'एकाच लॉटचं कापड घे गं' हे फॅशन डिझाइन शिकून आलेल्या मुलीला सांगावं लागतं. युनिफॉर्मच्या कारखान्यात ज्याचं लहानपण गेलं त्याला सांगावं लागत नाही, कारण दोनशे पोरांच्या शाळेत चार शर्ट वेगळ्या निळ्याचे गेले की काय होतं हे त्याने ऐकलेलं असतं. वडिलांकडून माप घ्यायला, उसवून परत शिवायला, काज-बटण पाच मिनिटांत करायला शीक. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर मिळालं, आणि कुठल्याही भारतीयाला मिळालेलं ते पहिलंच ऑस्कर. कपड्यांच्या डिपार्टमेंटला दुय्यम समजणाऱ्या नातेवाइकांच्या तोंडावर मारायला हे उदाहरण पुरतं.

आणि तेलुगू. सोलापूरच्या पूर्व भागातली मुलं हे विसरतात की त्यांना मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ आहे. रस्त्याने साधारण तीनशे किलोमीटर. तिथे रामोजी फिल्म सिटी आहे, अन्नपूर्णा स्टुडिओ आहे, आणि कामाचं प्रमाण मराठीपेक्षा कितीतरी मोठं आहे. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनामुळे महाराष्ट्रात शूटिंग थांबलं तेव्हा मालिकांची युनिटं गोवा, सिल्वासा आणि हैदराबादला गेली होती. अशा वेळी मराठी युनिटमध्ये तेलुगू बोलणारं एक माणूस असलं की जेवणवाल्यापासून सेटिंगवाल्यापर्यंत निम्मी कामं फोनवर मार्गी लागतात. शिवाय तेलुगू सिनेमे हिंदीत आणि मराठीत डब होतात. तिथे भाषांतर, ओठांच्या हालचालीला बसणारं वाक्य तयार करणं, सबटायटल, डबिंगच्या वेळी उच्चार आणि अर्थ तपासणं ही कामं असतात. अडचण एकच, आणि ती मी आपल्याकडे बऱ्याच घरांत पाहिली आहे: तेलुगू बोलता येते पण वाचता येत नाही, कारण शाळा मराठी. घरातली तेलुगूही जुन्या तेलंगणी वळणाची, मराठी शब्द मिसळलेली. पटकथा वाचता आली नाही तर हे कौशल्य अर्ध्यावर राहतं. लिपी शिक. सहा महिने रोज थोडा वेळ दिलास तर सहज होईल, घरात आजी असेल तर आणखी लवकर.

हे वाचणाऱ्या बाकीच्या सोलापूरकरांसाठी पटकन. आयटीआयचा वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन ट्रेड झाला असेल तर लाइट डिपार्टमेंटकडे बघा. तिथे लोड, फेज आणि अर्थिंग समजणाऱ्याला मान आहे. गणपतीचे हलते देखावे, मंडळांची सजावट, गड्ड्याच्या जत्रेतले स्टॉल उभे करणारे हात आर्ट डिपार्टमेंटला हवेच असतात. हुतात्मा स्मृती मंदिरात राज्य नाट्य स्पर्धेला बॅकस्टेज केलेलं असेल तर ते अर्जात पहिल्या ओळीत लिहा, कारण त्याचा अर्थ असा की तिसरी घंटा झाल्यावर कारणं चालत नाहीत हे तुम्हाला माहीत आहे. साउंडमध्ये बूम, म्हणजे माइकची लांब काठी, धरायला माणसं कमी आहेत. हात डोक्याच्या वर धरून पाच मिनिटांचा टेक न हलता काढता येतो का ते घरी झाडूच्या काठीवर करून बघा. मेकअपमध्ये जायचं असलेल्या मुलींसाठी: २०१४ पर्यंत मुंबईच्या संघटनेत बाईला हेअर ड्रेसरचं कार्ड मिळायचं, मेकअप आर्टिस्टचं नाही. चारू खुराना यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये ही आडकाठी बेकायदा ठरवली. आता दार उघडं आहे.

डिरेक्शनबद्दल मुद्दाम कमी लिहितेय. प्रत्येकाला असिस्टंट डायरेक्टर व्हायचं असतं, आणि म्हणूनच तिथे सगळ्यात कमी पैसे आणि सगळ्यात जास्त गर्दी आहे.

कोर्सचं आता. एकदम टाकाऊ काहीच नसतं, पण कोर्सची पहिली चौकशी पुण्यात लॉ कॉलेज रोडवर करायची. एफटीआयआय (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया) ही केंद्र सरकारची संस्था १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झाली. चित्रपट विभागात एडिटिंग, सिनेमॅटोग्राफी, साउंड, कला दिग्दर्शन आणि डिरेक्शन यांचे तीन वर्षांचे कोर्स आहेत, एडिटिंगला कुठल्याही शाखेची पदवी चालते, म्हणजे तुझं बी.कॉम. चालेल. प्रवेश परीक्षा देशपातळीवरची आहे आणि जागा मोजक्या, त्यामुळे एका प्रयत्नात होईलच असं नाही. पण परीक्षेची फी ही लाखांपुढे काहीच नाही, तर द्यायला काय हरकत आहे? त्यांचे थोड्या दिवसांचे कोर्सही असतात. तीन वर्षं घरून मिळणार नसतील तर त्यांतला एखादा कर. कोलकात्याची सत्यजित राय संस्थाही याच पातळीची आहे.

तुझ्या त्या खासगी संस्थेला तीन गोष्टी विचार. गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या पाच विद्यार्थ्यांची नावं आणि ते आज कुठल्या मालिकेवर किंवा सिनेमावर आहेत. शिकवणारे सर सध्या स्वतः कुठे काम करतात. आणि फी परत मिळण्याची अट लेखी. पहिल्या प्रश्नाला 'आमचे खूप विद्यार्थी मुंबईत सेट आहेत' असं उत्तर आलं तर पिशवी उचल आणि स्वारगेटहून सोलापूरची गाडी धर. प्लेसमेंट ही कॉलेज कॅम्पसची गोष्ट आहे. आमच्याकडे काम शेड्यूलपुरतं असतं, मालिका बंद झाली की अख्खं युनिट घरी. तिथे शंभर टक्क्यांची हमी कोण कशी देणार?

ओळखीचा मुद्दा खरा आहे. इथे काम ओळखीवर मिळतं. पण ती ओळख मामा-काकाची नसते, 'गेल्या शेड्यूलला हिने नीट काम केलं' ही असते. पहिलं काम मिळवण्याची एक साधी रीत सांगते. ओटीटीवर मराठी मालिका किंवा सिनेमा संपला की शेवटची नामावली थांबवून बघ. एडिटरचं नाव सोड, त्याला रोज मेसेज येतात. 'असिस्टंट एडिटर', 'असोसिएट', 'प्रॉडक्शन अकाउंटंट', 'कॉस्च्युम असिस्टंट' ही नावं उतरवून घे. हीच माणसं आजारी पडतात, त्यांच्याच बहिणीचं लग्न निघतं, आणि आपल्या जागी चार दिवस कोण बसेल हे तीच शोधत असतात. त्यांना इन्स्टाग्रामवर एवढंच लिही:

'नमस्कार. मी सोलापूरची. तीन कॅमेऱ्यांची लग्नं एडिट करते, प्रीमियर येतं, डेटा कॉपी, सिंक, प्रॉक्सी सगळं करते. अमुक मालिकेत तुमचं नाव वाचलं. बदली किंवा रात्रपाळीला माणूस लागला तर कळवा, मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचते.'

शेवटचं वाक्य खोटं नाही. सिद्धेश्वर एक्स्प्रेसला रात्री बसलीस की सकाळी दादर. तिथून गोरेगाव, मालाड लोकलने. फक्त जो शब्द दिला तो पाळायचा. बदलीच्या चार दिवसांत माणूस कळतो: कॉल टाइमच्या, म्हणजे हजर व्हायच्या वेळेच्या, आधी पंधरा मिनिटं आलीस का, फोन खिशात राहिला का, जे माहीत नाही ते 'माहीत नाही' म्हणालीस का. जाताना शेंगाची चटणी आणि कडक भाकरी घेऊन जा. हे मी गमतीने लिहीत नाहीये. रात्री दोन वाजता एडिट रूममध्ये उघडलेला डबा तीन महिने लक्षात राहतो.

संघटनेच्या सभासद कार्डाबद्दल बऱ्याच अफवा आहेत. मुंबईत प्रत्येक डिपार्टमेंटची आपली संघटना आहे आणि या संघटनांचा मिळून फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉईज हा महासंघ. मोठ्या सेटवर कार्ड विचारलं जाऊ शकतं. पण चार दिवसांच्या बदलीसाठी आधी कार्ड काढायची घाई नको. कुठल्या डिपार्टमेंटमध्ये टिकणार हे नक्की झालं की काढ. काढशील तेव्हा थेट संघटनेच्या ऑफिसात, पावती घेऊन. 'कार्ड करून देतो', 'रजिस्ट्रेशन फी भरा, क्रूमध्ये घेतो' म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपया देऊ नकोस. इथे काम देणारा पैसे देतो, घेत नाही.

पैशाचं चित्र आधी घरी नीट सांग. मालिकांमध्ये शिफ्ट बारा तासांची, वर येणं-जाणं. पैसे रोजाने किंवा महिन्याने ठरतात आणि हातात उशिरा पडतात. नव्वद दिवसांची उधारी ही इथली जुनी खोड आहे, संघटना वर्षानुवर्षं त्यावर भांडत आल्या आहेत. म्हणून दिवसाचा दर, पैसे कधी मिळणार आणि जाण्या-येण्याचा खर्च कोण देणार, हे तिन्ही व्हॉट्सॲपवर लिहून घे. संकोच करू नकोस, मी स्वतः तसं लिहून मागणाऱ्यांना जास्त गंभीरपणे घेते. टीडीएस कापून पैसे येतील. रिटर्न भरलंस की जास्तीचे परत मिळतात, आणि तुला हे मी सांगायची गरज नाही. फुकट काम? एखाद्या मित्राच्या शॉर्ट फिल्मला जरूर कर. कंपनी फुकट राबवत असेल तर एक शेड्यूल शिकलीस असं समज आणि दुसऱ्याला दर सांग.

घरचे 'मुलीला त्या लाइनमध्ये नको' म्हणतात असंही तू लिहिलंस. त्यांची काळजी पोकळ नाही, तशी ती कुठल्याही रात्रपाळीच्या कामाला लागू आहे. पहिली भेट ऑफिसात आणि दिवसा. कुणी हॉटेलच्या रूमवर किंवा घरी बोलावलं तर जायचं नाही, मग तो कितीही नावाजलेला असो. कॉल शीटचा, म्हणजे दिवसाच्या शूटिंगच्या वेळापत्रकाचा, फोटो घरी पाठवायचा. रात्री उशिरा पॅकअप झालं तर सोडायला गाडी आहे का, हे दर ठरवतानाच विचारायचं. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिचे सदस्य कोण, हे प्रॉडक्शन ऑफिसात विचारलंस तर कुणी भुवया उंचावू नयेत. उंचावल्या तर ते युनिट तुझ्यासाठी नाही. आणि वडिलांना एकदा सोबत आण. कॉस्च्युमची रूम आणि तिथली शिलाई मशीन बघितली की त्यांचं निम्मं मत तिथेच बदलेल.

मुंबईला जायच्या आधी आपल्याच जिल्ह्यात एक काम मिळतं का बघ. नागराज मंजुळे जेऊरचे. २०१६ च्या 'सैराट'चं बरंच शूटिंग करमाळा भागात झालं. बाहेरचं युनिट जिल्ह्यात आलं की त्यांच्या लोकेशन मॅनेजरला स्थानिक माणूस लागतोच. भुईकोट किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत येतो, तिथे कॅमेरा लावायला त्यांची परवानगी आणि फी. सिद्धेश्वर मंदिरासाठी देवस्थानच्या पंच कमिटीकडे जायचं. रस्त्यावर गर्दी जमवायची तर पोलीस. ड्रोन उडवायचा तर त्याचे नियम वेगळे, आणि लग्नात ज्या सहजतेने आपण उडवतो तसा युनिटमध्ये उडवता येत नाही. कुठला अर्ज कुणाच्या टेबलावर जातो, जनरेटर कुणाचा चांगला, पन्नास माणसांचं जेवण वेळेवर कोण देतो, उन्हाळ्यात दुपारी किती वाजता आउटडोअर थांबवावं लागतं, ही माहिती असलेली एक वही तयार ठेव. अशी वही घेऊन एखाद्या युनिटबरोबर आठवडाभर राबलीस की तुझं नाव नामावलीत 'लोकल कोऑर्डिनेशन'मध्ये येईल. पहिलं क्रेडिट असं घरबसल्या मिळालेलं बरं.

कॅमेरा मात्र घेऊ नकोस, हप्त्यावर तर नाहीच. युनिटला लागणारा कॅमेरा भाड्याने येतो, लेन्ससकट, आणि त्याच्यासोबत त्याचा अटेंडंटही येतो. तुझ्या कॅमेऱ्याला तिथे कुणी विचारणार नाही, हप्ता मात्र दर महिन्याला जाईल. पैसे घालायचेच तर दोन चांगल्या एसएसडी घे, कान झाकणारा बरा हेडफोन घे, लॅपटॉपची रॅम वाढव, आणि मुंबईतल्या तीन-चार महिन्यांच्या पेइंग गेस्ट खोलीचे पैसे बँकेत वेगळे ठेव. स्टुडिओची नोकरी सोडू नकोस. लग्नसराई आटोपली की पावसाळ्यात तुमच्याकडे काम उतरतं, तेव्हा मालकाकडून महिनाभराची सुट्टी मागून पहिली फेरी मार. मालिका तेव्हाही फ्लोअरवर चालूच असतात, आणि आषाढात गावी जाणाऱ्या असिस्टंटांच्या जागी बदलीची माणसं लागतात.